ट्रेनिंगचा तास कुणाच्या खात्यात?

तुम्ही नोकरी करत असाल तर वर्षाअखेरीस तो मेल तुम्हालाही येत असेल. 'आपले अनिवार्य प्रशिक्षण प्रलंबित आहे.' खाली लाल अक्षरात शेवटची तारीख. मग आपण काय करतो ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. एका टॅबमध्ये फसवा मेल कसा ओळखावा याचा व्हिडिओ म्यूट करून लावतो, दुसऱ्या टॅबमध्ये काम चालू ठेवतो, आणि अधूनमधून येऊन 'नेक्स्ट' दाबतो. शेवटी दहा प्रश्न. सात बरोबर आले की प्रमाणपत्र. पाचच आले तर पुन्हा तेच दहा प्रश्न, आणि आता उत्तरं पाठ आहेत.

मी याच धंद्यात आहे. पुण्यात बसून कंपन्यांच्या ट्रेनिंगसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये कोड लिहितो. घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. त्यामुळे ई-लर्निंगचे गोडवे गाणारी ब्रोशरं मी रोज वाचतो आणि दिवाळी-पोळ्याला गावी गेलो की यातलं कुणापर्यंत काय पोचलंय तेही बघतो. ई-लर्निंग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, ते फार कामाचं आहे. माझं भांडण ते ज्या कारणासाठी विकलं आणि विकत घेतलं जातं त्या कारणाशी आहे. ट्रेनिंगचा खर्च मालकाच्या वहीतून कामगाराच्या खिशात सरकवायचा आणि उद्या काही झालंच तर दाखवायला हातात एक पावती ठेवायची, हे ते कारण. शिकवणं जमलं तर जमलं.

आधी खर्चाचं बघू, कारण सगळी ब्रोशरं तिथूनच सुरू होतात. त्यांचं लाडकं वाक्य म्हणजे 'कधीही, कुठेही शिका'. समजा, एका कारखान्यात ४०० माणसं आहेत आणि त्यांना दोन तासांचं सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायचंय. पाळीत वर्ग भरवला तर ८०० तास काम थांबेल. आठ तासांच्या पाळीनं ती १०० दिवसांची मजुरी झाली. वर शिकवणारा माणूस, हॉल, चहा. आता तेच ट्रेनिंग ॲपवर टाकलं आणि सुपरवायझरनं ग्रुपवर मेसेज टाकला, 'रविवारपर्यंत सर्वांनी पूर्ण करावे'. मालकाचे १०० दिवस वाचले. पण ते ८०० तास हवेत विरले नाहीत. ते कुणीतरी दिले. पाळी संपवून घरी आलेल्या माणसानं, जेवणं झाल्यावर, स्वतःच्या तडा गेलेल्या फोनवर, स्वतःच्या दिवसाच्या दीड जीबीतून ते दिले. बाई असेल तर भांडी घासून झाल्यावर दिले.

आमच्या प्रेझेंटेशनमध्ये याला 'कॉस्ट सेव्हिंग' म्हणतात. सालगड्याला दिवसभर वावरात राबवून रात्री फुकटात गोठा झाडायला लावलं तर गावात त्याला वेगळा शब्द आहे.

वाचणारा सगळाच पैसा असा नसतो, हेही सांगायला हवं. उमरखेडच्या माणसाला दोन तासांच्या ट्रेनिंगसाठी नागपूर गाठावं लागत नाही, ही खरी बचत आहे. नियम बदलला तर दुसऱ्या दिवशी तो सगळ्या शाखांत एकाच शब्दांत पोचतो, हाही खरा फायदा. सांगणारा कंटाळत नाही, चाळिसाव्या बॅचलाही पहिल्या बॅचइतकंच नीट सांगतो. या गोष्टींसाठी कुठल्याही धंद्यानं ई-लर्निंग घ्यावं. पण मग बचतीच्या आकड्यातून कामगाराचा वेळ वेगळा काढा आणि उरलेला आकडा दाखवा. असं वेगळं काढून दाखवणारं प्रेझेंटेशन माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता पावतीचं. आमच्या धंद्यात 'स्कॉर्म' नावाचं एक प्रमाण आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून ते आलं. कोर्स कुणीही बनवला तरी तो कुठल्याही सिस्टिमवर चालावा, एवढाच त्याचा हेतू. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ सालची, आणि ती अजूनही सर्रास चालते. तिच्यात कोर्स सिस्टिमला धड्याची स्थिती कळवतो आणि ती सहांपैकी एकच असू शकते: पास, पूर्ण, नापास, अपूर्ण, नुसतं चाळलं, किंवा हातच लावला नाही. गुण कळवता येतात, वेळही कळवता येतो, पण वेळ म्हणजे खिडकी उघडी राहिली तो वेळ. समोर माणूस होता की मांजर, ते सिस्टिमला कळत नाही. 'मला समजलं नाही, पुन्हा सांगा' हे कळवायला या सहांत जागा नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का आणि शेवटी धंद्याला फरक पडला का. धंद्याचा फायदा हा चौथ्या पायरीवर राहतो. आमचे रंगीबेरंगी डॅशबोर्ड पायऱ्या चढतच नाहीत, दाराशी उभं राहून आत किती लोक गेले ते मोजतात. '९८ टक्के पूर्ण' असं हिरव्या अक्षरांत आलं की सगळ्यांचे चेहरे फुलतात. एकदा एका क्लायंटनं मीटिंगमध्ये विचारलं, कामगाराला व्हिडिओ पुढे ढकलता येणार नाही अशी सोय होईल का? होईल, आम्ही म्हणालो. मग आमच्याच टीममधल्या एकीनं विचारलं, की त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारता यावा अशी सोय हवी का? तीही होईल, फक्त उत्तर द्यायला तुमच्याकडचा एक माणूस लागेल. तो विषय तिथेच मिटला.

हे सगळं ऑफिसातल्या माणसापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. फसवा मेल न ओळखल्यानं कुणी मरत नाही. आमच्या जिल्ह्यात ट्रेनिंग नसल्यानं माणसं मेली आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक आजारी पडले, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा झाडावर जाण्याआधी मारणाऱ्याच्या तोंडावर येत होता. किडी हटत नव्हत्या म्हणून दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. (आमच्याकडे या विषाला औषधच म्हणतात. अर्धं ट्रेनिंग त्या एका शब्दाशी भांडण्यात जायला हवं.) पाठीवर बारीक तुषार जोरानं फेकणारे नवे स्वस्त पंप होते. पुढे अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, मोजे-मास्कचे संच वाटले गेले.

पण पहिल्या आठवड्यापासून एक उत्तर तयार होतं: मजुरांनी काळजी घेतली नाही. मोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारलं, डब्यावरच्या सूचना वाचल्या नाहीत.

डब्यावर काय असतं? कोनावर उभा एक चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. हे चार रंग पाचवीतल्या पोराला पाच मिनिटांत शिकवता येतात. सोबत घडी घालून एक कागद असतो, त्यावरची अक्षरं वाचायला मला चष्मा लागतो. तो कागद उघडतो कोण? डबा विकत घेणारा शेतमालक. पंप पाठीवर घेणारा मजूर त्या डब्याचं तोंडही कधीकधी बघत नाही, त्याच्या हाती मिसळून तयार केलेली बादली येते. मालकाला कुणी सांगितलं? कृषी केंद्रवाल्यानं. त्याच्यासाठी निदान 'देसी' नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, हैदराबादच्या 'मॅनेज' या सरकारी संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेला. विकणाऱ्याला डिप्लोमा, विकत घेणाऱ्याला तोंडी सल्ला, आणि फवारणाऱ्याला बादली.

कायद्यात काहीच नव्हतं असंही नाही. १९८४ ची भोपाळची वायुगळती कीटकनाशकाच्याच कारखान्यात झाली. तिच्यानंतर, १९८७ मध्ये, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या आरोग्याची, सुरक्षिततेची माहिती मागण्याचा आणि शक्य असेल तिथे कारखान्यातच ट्रेनिंग मिळवण्याचा हक्क कामगाराच्या नावावर लिहिला गेला. आमच्याच जिल्ह्यात वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथे १९६६ च्या नियमांप्रमाणे ट्रेनिंग झाल्याशिवाय माणसाला कामावर घेता येत नाही. विष बनवणाऱ्याला हक्क आहे, कोळसा काढणाऱ्याला हक्क आहे. विष फवारणारा मात्र कारखान्यात नसतो आणि खाणीतही नसतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमावलीत उत्पादक आणि वितरक यांनी काम करणाऱ्यांना सुरक्षिततेचं ट्रेनिंग द्यावं असं लिहिलेलं आहे. पण आज या वावरात, उद्या त्या वावरात रोजानं जाणारा मजूर नेमका कुणाचा काम करणारा, हे ठरवायला कुणालाच घाई नाही.

इथेच माझ्या धंद्याचा प्रश्न येतो. चार रंग, वाऱ्याची दिशा, फवारून झाल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुणं, डोकं गरगरलं तर काय करायचं, हे सगळं व्हिडिओवर शिकवण्यासारखं आहे. फोन आता मजुराच्या घरातही आहे. मग हे त्याच्यापर्यंत का जात नाही? कारण आमचं सॉफ्टवेअर 'दर माणशी, दर महिना' या भावानं विकलं जातं आणि तो पैसा भरणारा कुणीतरी मालक लागतो. ज्याचा मालक कागदावर नाही तो आमचा 'यूजर' होत नाही. सगळ्यात जास्त धोक्याचं काम करणारा माणूस सगळ्यात आधी बाजाराबाहेर पडतो.

बरं, ज्यांना मालक आहे त्यांचं काय? राज्यातला मोठा मालक म्हणजे सरकार. शिक्षकांच्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी ट्रेनिंग सक्तीचं आहे, बारा आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर. ते झालं नाही तर वाढीव वेतनश्रेणी नाही. २०२२ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ते इन्फोसिसच्या मदतीनं ऑनलाइन घेतलं. सुमारे ९४ हजार शिक्षकांनी नाव नोंदवलं. १ जूनला सुरू झालं, तांत्रिक अडचणी आल्या, मध्ये थांबवावं लागलं, पुन्हा सुरू झालं. एवढ्या लोकांची सिस्टिम पहिल्या आठवड्यात धापा टाकते, हे माझ्यासारख्याला समजतं, त्यावरून मी कुणाला शिव्या घालणार नाही. मला खटकतं ते दुसरंच. या ट्रेनिंगसाठी शिक्षकांनी प्रत्येकी २,००० रुपये भरले. ट्रेनिंग मालकानं सक्तीचं केलेलं, त्याचा फायदा मालकाच्या शाळांना, आणि फी नोकराची. फोनही त्याचा, नेटही त्याचं, सुट्टीही त्याची.

अंगणवाडी सेविकांनी तर हा हिशोब रस्त्यावर आणला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करायला सुरुवात केली. फोन जुने, तापणारे, बंद पडणारे. दुरुस्तीचा खर्च पदरचा. 'पोषण ट्रॅकर' ॲप तेव्हा त्यांना येईल अशा मराठीत नव्हतं. टीव्हीवर ही बातमी 'सेविकांचा तंत्रज्ञानाला विरोध' अशा सुरात सांगणारे मी ऐकलेत. हातातला फोन चालत नाही म्हणून परत देणारी बाई तंत्रज्ञानाच्या विरोधात कशी? मी तिच्या जागी असतो तर बग रिपोर्ट केला असता. तिनंही तेच केलं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं होतं. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. कोविडची लस १६ जानेवारीला सुरू झाली म्हणून आधी १७ तारखेला ठरलेली पोलिओची फेरी पुढे ढकलून त्या दिवशी आली होती. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळला दवाखान्यात नेलं, ती बरी झाली. पहिल्या माहितीप्रमाणे तिथे त्या वेळी एक डॉक्टर, एक अंगणवाडी सेविका आणि एक आशा होती, आणि या तिघांवर निलंबनाची कारवाई होणार हे लगेच जाहीर झालं.

ही चूक ऑनलाइन ट्रेनिंगमुळे झाली, असं मी म्हणत नाही. ती कशामुळे झाली हे इथे बसून सांगणं उथळपणा होईल. चूक गंभीर होती आणि चौकशी व्हायलाच हवी होती. मी बघतोय ते एवढंच, की चूक सापडली की बोट पहिल्यांदा कुणाकडे जातं. ते सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाकडे जातं, जिचा पगार पगारही नसतो, मानधन किंवा मोबदला असतो. 'त्यांना प्रशिक्षण दिलं होतं' हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडतं. ई-लर्निंगनं ते वाक्य स्वस्त केलं. पूर्वी ते म्हणायला निदान हॉल बुक केल्याचं बिल दाखवावं लागायचं, आता तारीख-वेळेसकट पूर्ण झाल्याची नोंद आपोआप निघते. कामगाराच्या बाजूनं मात्र तशी नोंद निघत नाही: तिला रात्री साडेदहाला, रेंज नसताना, तीन वेळा अडकलेल्या व्हिडिओवर हे शिकवलं गेलं, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. डेटा असतो, बरं का. लॉगमध्ये सगळं असतं. रिपोर्टमध्ये तो रकाना कुणी मागत नाही.

मग फेकून द्यायचं का हे सगळं? मुळीच नाही. काय चालतं, हे शोधायला आपल्याला परदेशातही जायला नको.

२००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून 'डिजिटल ग्रीन' नावाचा एक प्रयोग कर्नाटकातल्या खेड्यांत सुरू झाला. कल्पना इतकी साधी, की आमच्या मीटिंगमध्ये तिला कुणी बजेट दिलं नसतं. शेतीतली एखादी पद्धत गावातल्याच शेतकऱ्यानं करून दाखवायची, त्याचा साध्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ करायचा आणि गावकऱ्यांना एकत्र बसवून तो दाखवायचा. दाखवायला गावातलंच एक माणूस, त्याला थोडा मोबदला. त्याचं काम व्हिडिओ थांबवणं. थांबवायचं, विचारायचं, 'हे आपल्याकडे जमंल का?', भांडण होऊ द्यायचं, पुन्हा लावायचं. नंतर त्यांनी तपासलं, तर नेहमीच्या कृषी विस्ताराच्या तुलनेत नवी पद्धत उचलणाऱ्यांचं प्रमाण सात पट निघालं आणि खर्चाच्या मानानं परिणाम दहा पट. लोक आधी विचारायचे म्हणे, की व्हिडिओतला हा माणूस कोणत्या गावचा? आपल्यासारखा वाटला तरच पुढचं ऐकायचं.

दुसरं उदाहरण 'मोबाइल अकॅडमी'चं. बिहारमध्ये २०१२ च्या सुमारास बीबीसी मीडिया ॲक्शननं आशांसाठी केलेला हा कोर्स, पुढे केंद्र सरकारनं तो उचलला. यात स्क्रीनच नाही. साध्या बटणाच्या फोनवरून नंबर लावायचा, आशेला पैसे पडत नाहीत, आणि साधारण चार तासांचा कोर्स तुकड्या-तुकड्यानं कानानं ऐकायचा. मध्येच कुणाचं बाळंतपण आलं तर फोन ठेवायचा, पुन्हा लावला की तिथूनच पुढे. हे बनवणाऱ्यानं आशेचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं होतं.

दोन्हींत तंत्रज्ञान फार भारी नाही. पण दोन्हींत शिकणाऱ्यावर खर्च टाकलेला नाही.

आता धंद्याचा फायदा म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यातली जिनिंग घ्या. हंगाम सुरू झाला की कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. कापसात सुतळी, नायलॉनच्या दोऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, केस, गुटख्याच्या पुड्या येतात. हा कचरा सरकीपासून रुई वेगळी होण्याआधी हातानं वेचावा लागतो. एकदा का नायलॉनची दोरी यंत्रात जाऊन तिचे तंतू रुईत मिसळले, की ते पुढे सूतगिरणीत, रंगवलेल्या कापडावर पांढरे डाग होऊन दिसतात आणि गाठीच्या भावाला मार बसतो. भारतीय कापसाचं नाव या कचऱ्यामुळे किती वर्षं खराब आहे, हे कुठलाही व्यापारी सांगेल. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशननं जिनिंगमधली यंत्रं नवी केली, आवारात फरश्या आल्या. कचरा वेचणारे हात मात्र बहुतेक ठिकाणी बायांचे, आणि त्यांना ट्रेनिंग म्हणजे मुकादमाचा ओरडा. शिवाय कापूस पेटतो. एका ठिणगीनं गंजीच्या गंजी जातात, आणि त्या मिनिटाला कोणी काय करायचं हे कुणाला ठरवून दिलेलं नसतं.

मालकांचं म्हणणं मी ऐकलंय. "लोकं दिवाईले येते, होईले जाते. पुढच्या साली दुसरेच. शिकवू कोणाले?" मला वाटतं, ई-लर्निंग घेण्याचं याहून चांगलं कारण असूच शकत नाही. दरवर्षी नवी माणसं येतात, म्हणूनच सहा मिनिटांचा एक व्हिडिओ दरवेळी पहिल्या पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासात दाखवायचा. मुकादमानं तो तीनदा थांबवायचा. मग परीक्षा: समोर कापसाचा ढीग, त्यात मुद्दाम टाकलेल्या दहा दोऱ्या, शोध. दहा प्रश्नांच्या पर्यायांपेक्षा ती परीक्षा खरी, आणि त्यात नापास झालं तरी कुणाला लाज वाटत नाही, हसतात आणि पुन्हा शोधतात. हंगामाच्या शेवटी गाठींचा दर्जा मोजायचा. तीच ती चौथी पायरी, आणि ती मालकाच्या वहीत आधीपासूनच असते.

भाषेचं काय, हे विचारायलाच हवं, कारण इथे आमचा धंदा सगळ्यात आळशी आहे. इंग्रजी मजकूर मशीनमधून काढायचा, मशीनच्याच आवाजात वाचायचा आणि 'मराठी उपलब्ध' असं लिहायचं. 'वैयक्तिक संरक्षणात्मक उपकरणे परिधान करणे अनिवार्य आहे.' हे मराठी असेल तर माझ्या आजीची भाषा कोणती? तिला फवारणीचं सांगायचं तर असं सांगावं लागेल: रिकाम्या पोटी फवारू नको. वारा पाठीले ठेव. त्याच हातानं तंबाखू मळू नको. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर हेच गोरमाटीत लागेल, झरी-मारेगावच्या कोलाम पोडांवर कोलामीत. त्यासाठी भाषांतराचा करार नको, फोनमध्ये बोलायला एक माणूस हवा, ज्याचा आवाज पोडावरचे लोक ओळखतात.

पाच एकरवाला शेतकरी मजुराच्या ट्रेनिंगची मजुरी कुठून देणार, असा प्रश्न येईल आणि तो बरोबर आहे. त्यानं देऊ नये. ती औषध बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साखळीनं द्यावी. १९७१ ची नियमावली तेच म्हणते. कंपन्या सुरक्षित फवारणीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात, खाली व्ह्यूजचा आकडा असतो. त्याऐवजी पोळ्याच्या आधी, फवारणीच्या ऐन जोराच्या आधी, गावच्या समाजमंदिरात एक सकाळ, भिंतीवर पडदा, थांबवणारा एक माणूस आणि आलेल्या प्रत्येक मजुराच्या हातात अर्ध्या दिवसाची मजुरी. विकलेल्या डब्यांच्या प्रमाणात गावं वाटून घ्या. हिशोब ठेवायला सॉफ्टवेअर लागेल, ते मी आणि माझ्यासारखे शेकडो जण एका महिन्यात बनवून देऊ. त्यात सहाच स्थिती नसतील.

गेल्या हंगामात माझ्या ओळखीच्या एका छोट्या जिनिंगवाल्याशी मी याच विषयावर वाद घालत होतो. त्याला व्हिडिओची कल्पना पटली, ढिगातल्या दहा दोऱ्यांची तर फारच. मग त्यानं थांबून विचारलं, "त्या अर्ध्या तासाची हजेरी लावाची का?"

"लावा."

"मंग ॲप कायले पायजे? पैसे माहेच जाणार हायेत तं मीच सांगतो ना त्यायले. वीस वर्सं झाले कापूस पाहून राह्यलो."

"सांगा," मी म्हणालो आणि फोन काढला. "सुरू करा. मी रेकॉर्ड करतो."